विहारातल्या बैठकीसाठी मदत हवी आहे

जय भीम मंडळी. उत्तर नागपुरात आमच्या वस्तीत उन्हाळ्यात टँकरवरून भांडण झालं, तेव्हापासून दोन गल्ल्यांचं बोलणं बंद. विहारात सोबत पंचशील म्हणतात, बाहेर पडले की तोंडं फिरवतात! महापरिनिब्बान सुत्तात (बुद्धांच्या शेवटच्या दिवसांचं पाली सुत्त) वज्जी गणराज्याच्या टिकण्याची ७ कारणं आहेत. पहिलं वारंवार जमणं, दुसरं एकोप्याने जमून एकोप्यानेच उठणं. आमचं घोडं दुसऱ्यावर अडतं. बुद्धांच्या काळातल्या शाक्य-कोलिय या शेजारी गणांचं भांडणही रोहिणी नदीच्या पाण्याचंच, असं सांगितलं तर एक काका म्हणाले, "तिथं टँकर नव्हता ना बाप्पा."

१४ ऑक्टोबरच्या, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी दोघांना एका सतरंजीवर बसवायचंय. अशी बैठक कुणी चालवली आहे का? आधी कुणाला बोलू द्यायचं? तक्रारी लिहून घ्याव्यात की तोंडीच? भन्तेजींना मध्ये घालावं, की आपसातच निस्तरावं?