श्रीलंकेचा थंड मुलूख: तुमचा अनुभव लिहा

श्रीलंका म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारेच आठवतात. पण बेटाच्या पोटात डोंगर आहेत. नुवारा एलिया हे गाव १,८६८ मीटरवर आहे आणि विषुववृत्त इतकं जवळ असूनही तिथं रात्री दोन-दोन पांघरुणं लागतात. तिकडं जाऊन आलेल्यांनी इथं जरूर लिहा. स्थळांची यादी नको, मनात काय राहिलं ते सांगा. सुरुवात मी करते.

आम्ही कँडीहून आगगाडीनं गेलो. वातानुकूलित डब्याच्या काचा बंद असतात, म्हणून मुद्दाम दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं. गाडी चढाला लागली की दोन्ही अंगांना चहाचे मळे सुरू होतात. वडेवाले टोपल्या घेऊन डब्यात येतात. मला मिळालेले वडे शाळेच्या जुन्या वहीच्या कागदात बांधलेले होते. त्यावर कुणा मुलाच्या भागाकाराच्या पायऱ्या आणि बाईंची लाल खूण होती. पट्टिपोला हे १,८९१ मीटरवरचं देशातलं सर्वांत उंच स्टेशन. तिथं धुकं आणि भुरभुर पाऊस होता. पुढच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली तर लख्ख ऊन! हा डोंगरमाथाच पावसाची वाटणी करतो. मे ते सप्टेंबर नुवारा एलियाकडे पाऊस असतो, तेव्हा पलीकडच्या उवा प्रांतात कोरडे वारे वाहतात. तिथला उत्तम चहा त्याच दिवसांतला. ईशान्येचा पाऊस आला की सगळं उलटं. म्हणून कोणत्या महिन्यात जावं हे विचारण्याआधी डोंगराची कोणती बाजू पाहायची ते ठरवा. आणि निघण्यापूर्वी गाडी सुरू आहे ना, याची खात्री करा. या मार्गावर दरडी कोसळतात.

रानवाटा

हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानाबद्दल कुणी लिहिण्याआधी मीच लिहितो, कारण ती जागा अजून डोक्यातून जात नाही. दोन हजार मीटरच्या वरचं हे पठार. गवताळ माळ, मधेमधे वाऱ्यानं वाकलेली बुटकी झाडं, त्यांच्या खोडांवर बोटभर शेवाळ. ऱ्होडोडेंड्रॉनची लाल फुलं सुरू झाली होती. साधारण नऊ किलोमीटरची फेरी आहे आणि तिच्या मध्यावर ‘वर्ल्ड्स एंड’ हा कडा लागतो. जवळपास ८७० मीटरची सरळ खोली! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून ज्यांनी खाली पाहिलंय, त्यांना तिथं पोटात काय होतं ते सांगायला नको. मात्र नऊ-दहाच्या सुमाराला ढग वर चढतात आणि मग समोर नुसती पांढरी भिंत. अंधारातच निघा, उद्यानाचं दार उघडताना तिथं असा.

दारावर पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवरचं वेष्टनसुद्धा. पूर्ण वाटेवर मला कचऱ्याचा एक कपटा दिसला नाही. महावेली, केलानी, वलवे या नद्यांचं पाणी याच भागातून सुरू होतं, त्यामुळे ही काटेकोर काळजी योग्यच आहे. आपल्या गडांवर हे झालंच पाहिजे, आणि होऊ शकतं.

गोदाकाठ

मी नाशिकची. लहानपणापासून पंचवटीत सीतागुंफेत वाकून शिरलेली. नुवारा एलियापासून हकगलाच्या रस्त्याला सीता एलिया लागतं, तिथं सीतेचं देऊळ आहे. अशोकवन तेच, अशी श्रद्धा. तमिळ धाटणीचं रंगीत गोपुर, खाली खळाळता ओढा, ओढ्यातल्या खडकावर खळगे. ती हनुमानाची पावलं मानतात. इतिहासात काय बसतं यात मला शिरायचं नाही. जिथून तिला नेलं ते ठिकाण आणि जिथं ती कैदेत बसली म्हणतात ते ठिकाण, दोन्ही एका आयुष्यात पाहायला मिळाली. मी हात जोडून बराच वेळ उभी होते.

सईची आई

मुलांना नेणार असाल तर कानटोपी, मोजे आणि एक जाड स्वेटर घ्याच. आमच्या खोलीत हीटर नव्हता. मालकीणबाईंनी न मागता गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणून दिल्या.

तंजावरकर

आमचं घराणं तंजावरचं मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यामुळे हॅटनच्या बाजूला चहा खुडणाऱ्या बायकांशी मला थेट बोलता आलं. त्यांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात तमिळनाडूतून आलेले. आधी कॉफीच्या मळ्यांवर, आणि १८६९ नंतर तांबेरा रोगानं कॉफी बुडाली तेव्हा चहावर. श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावर मन्नारला उतरून जंगलातून चालत वर यायचे. वाटेत कितीतरी दगावले.

एका अक्कांनी मला घरी नेलं. एका ओळीत चिकटून बांधलेल्या खोल्या. तिथं त्यांना ‘लयम’ म्हणतात. त्यांच्या उजव्या हाताची बोटं चिकानं काळी पडली होती, नखांच्या कडांना भेगा होत्या. दोन पानं आणि एक कळी, दिवसभर तेच, उतारावर, पाठीवर वाढत जाणारं ओझं घेऊन. त्यांच्या वडिलांकडे कुठल्याच देशाचे कागद नव्हते. १९४८च्या कायद्यानं या लोकांना नागरिकत्व नाकारलं. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात झालेल्या करारानं लाखोंना भारतात पाठवायचं ठरलं. अक्कांचे काका गेले, वडील राहिले. उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३चा कायदा यावा लागला. अक्कांनी मला विचारलं, “तुम्ही तंजावरला कसे पोचलात?” आमचे लोक राजाबरोबर आले, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीही बाहेरून आलेले, आम्हीही. तुम्हाला घोडे होते.”

मळ्यांचे फोटो सगळेच काढतात. त्यात बायका असतील तर आधी विचारा आणि थोडं बोलाही. चहाची फॅक्टरी दाखवतात तिथं पानं सुकवण्यापासून चाळण्यापर्यंत सगळं समजतं, पण मजुरीबद्दल कुणी बोलत नाही.

रानवाटा

तंजावरकर, हे वाचून मी माझे जुने फोटो पुन्हा उघडले. त्यातल्या एकीचंही नाव मी विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारेन.

सुगरण

शाकाहारी लोकांचं कसं, असं वर कुणी विचारलं नाही तरी सांगते: अजिबात हाल होत नाहीत. आप्पम, इडिअप्पम, नारळाच्या दुधातली मसूरडाळ, फणसाची भाजी, आणि त्याच भागात पिकणारी गाजरं, कोबी, लीक (कांद्याच्या जातीची भाजी). फक्त खोबऱ्याच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, सुक्या माशाचा चुरा असतो, त्याला ‘उंबलकड’ म्हणतात. तो न घालता द्या असं आधीच सांगायचं, लगेच ताजं वाटून देतात.