उपवासकाळ घराचा की ज्याचा त्याचा?

ओसरी

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, अख्खं घर एका रांगेत उभं राहून कपाळाला राख लावून घेतं. गुरुवारपासून जो तो आपल्या वाटेने. बाबांनी गोड सोडलेलं, आईने मालिका, थोरल्याने गेम, धाकटीने चॉकलेट. दुसऱ्याने काय सोडलंय हे फक्त चिडवण्यापुरतं लक्षात. तिसऱ्या आठवड्यात यातलं निम्मं गळून पडतं आणि त्याचा पत्ताही लागत नाही, कारण विचारणारं कोणी नसतं.

माझं मत: कॅथलिक घराने उपवासकाळ मिळून पाळावा. सगळ्यांचा नेम एकच, आणि तो राखेच्या बुधवारच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवलेला. मला तीन गोष्टी पुरेशा वाटतात. रोज संध्याकाळचा एक तास फोन-टीव्हीचे सगळे पडदे बंद, आईबाबांचे धरून. शुक्रवारी घरात सगळ्यांचं एकच साधं जेवण, त्यातून वाचलेले पैसे पेटीत, आणि ती पेटी कुणाला द्यायची हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. तिसरी म्हणजे येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे त्या दिवशी चर्चमध्ये वाचला जाणारा येशूच्या चरित्रातला उतारा, शनिवारी रात्री घरात मोठ्याने वाचायचं.

या तिसऱ्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. पहिल्या रविवारी रानातली येशूची परीक्षा, दुसऱ्या रविवारी डोंगरावरचं रूपांतर, हे दरवर्षी ठरलेलं. पुढचे रविवार ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा तीन वर्षांच्या चक्राप्रमाणे बदलतात. ‘अ’ वर्षी विहिरीवरची शोमरोनी बाई, मग जन्मांध, मग लाजर. ‘क’ वर्षी चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राची गोष्ट: पैसे उधळून परतलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो आणि घरी राबलेला थोरला रुसतो. ती घरात वाचून बघा. थोरल्या भावाची बाजू घरातलं थोरलं पोर हमखास घेतं आणि पुढचा अर्धा तास कुणाला प्रवचन द्यावं लागत नाही.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) कायद्यातलं, १२५२ वं कलम सांगतं की मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर आणि उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. पण तिथेच पुढे म्हटलंय की ज्यांना वयामुळे हा नियम लागू नाही, त्या मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ कळेल हे धर्मगुरूंनी आणि आईवडिलांनी बघावं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ‘लुमेन जेन्सियुम’ या आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभाच म्हटलं. मग वर्षातला सगळ्यात गंभीर काळ घरात ज्याचा त्याने का उरकायचा?

तिरपागडा

कारण राखेच्या बुधवारचं शुभवर्तमानच तसं सांगतं. मत्तय, सहावा अध्याय. दान करताना डाव्या हाताला कळू नये, प्रार्थना करताना दार लावून घे, उपवास करताना तोंड धुऊन डोक्याला तेल लाव. तिन्ही गोष्टी गुपचूप. तुम्ही तिन्ही गोष्टी बैठकीच्या खोलीत आणून ठेवल्यात आणि वर हजेरीही घेणार.

प्रायश्चित्त बहुमताने ठरत नाही. माझी खोड मला माहीत. ती मी सोडायची की नाही हे माझ्यात आणि देवात. घरातल्या चौघांची पापं वेगळी आहेत, तर औषध एकच कसं? ज्याला पडद्याचा नाद नाही त्याला तुमचा संध्याकाळचा तास फुकटात पडला. ज्याची जीभ तिखट आहे तो त्याच तासात समोर बसून बायकोला टोमणे मारणार.

आणि मुलांचं म्हणाल तर पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या लेखनाच्या सातव्या प्रकरणात पालकांना स्पष्ट बजावलंय, नियंत्रणाचा ध्यास म्हणजे शिक्षण नव्हे. मुलाच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवता येत नाही, त्याला मोकळेपणाने वाढू द्यावं लागतं. आईच्या धाकाने बंद केलेला फोन हा त्याग नाही. तो फक्त बंद असलेला फोन आहे.

ओसरी

मत्तय वाचलात, त्याच मिस्सेतलं (चर्चमधल्या उपासनेतलं) पहिलं वाचन मात्र सोडलंत. योएल, दुसरा अध्याय. कर्णा वाजवा, उपवास नेमा, लोकांना जमवा, वडीलधाऱ्यांना बोलवा, मुलांना आणा, अंगावर पिणारी बाळंसुद्धा. नवरा-नवरीनेही आपल्या खोलीतून बाहेर यावं असं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला कसलं आलंय वैयक्तिक प्रायश्चित्त? तरी त्याला बोलावलंय.

ख्रिस्तसभेने ही दोन्ही वाचनं एकाच दिवशी ठेवली आहेत, आणि तुम्ही त्यातलं एक घेऊन घरी आलात. मत्तयात येशूचा राग चौकातल्या देखाव्यावर आहे. सख्ख्या भावाला माझा उपवास कळला तर त्यात कसला देखावा? तो मला पहाटे फ्रिजपाशी पकडतो, त्याच्यासमोर मिरवायला उरतंच काय.

तिखट जिभेचा मुद्दा मात्र सोळा आणे. तो तास शांततेचा असला पाहिजे.

अजून_अठरा_नाही

माझं वय १७, म्हणजे कलमाप्रमाणे मांसवर्ज्य लागू, उपवास नाही. आमच्याकडे हे ‘मिळून ठरवणं’ दरवर्षी होतं म्हणून अनुभवाने लिहितोय.

मिळून ठरवणं म्हणजे आईबाबांनी आदल्या रात्री ठरवलेलं आम्हाला सकाळी सांगणं. बंदी नेहमी आमच्याच गोष्टींवर. बातम्यांचा आरडाओरडा चालतो कारण ती ‘माहिती’, माझा फोन म्हणजे ‘व्यसन’. गेल्या वर्षी मी म्हटलं, सगळ्यांनी गाडीत बसल्यावर दुसऱ्या ड्रायव्हरना शिव्या देणं सोडू या. विषय तिथेच संपला.

मी एक गोष्ट स्वतः सोडली आहे. काय ते घरी माहीत नाही आणि इथेही सांगणार नाही. त्याचं मला जेवढं वाटतं तेवढं आईने सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीचं वाटलं नाही. तिरपागडा +१.

जुनं_खोड

गंमत वाटते. मूळ नियमच धड पाळले जात नाहीत आणि वर पेट्या न् पडदे.

१९१७ च्या कॅनन लॉप्रमाणे उपवासकाळातले रविवार सोडून सगळे दिवस उपवासाचे होते. शिवाय राखेच्या बुधवारी आणि प्रत्येक शुक्रवारी-शनिवारी मांसवर्ज्य, तेही सात वर्षं पूर्ण झाल्यापासून. पोप पॉल सहावे यांनी १७ फेब्रुवारी १९६६ ला ‘पेनितेमिनी’ हे प्रायश्चित्ताचे नियम बदलणारं फर्मान काढलं आणि सक्तीच्या उपवासाचे दिवस राहिले दोन, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्यातही एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खायला मुभा. इतकं सोपं करूनही गुड फ्रायडेला ‘फादर, चहाबरोबर बिस्किट चालेल का’ हे विचारणारे आपणच.

आधी घरातल्या प्रत्येक प्रौढाने हे दोन दिवस आणि सगळे शुक्रवार विनातक्रार पाळावेत. एकदा कुमसार, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली, करावा. एका शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या प्रार्थनेची, चौदाही स्थळं गुडघे टेकून करावीत. एवढं झालं तर मुलं आपोआप बघतात. नाहीतर उपवासकाळ म्हणजे मुलांचा हस्तकला वर्ग होतो: कागदाचा क्रूस, रंगीत तक्ता, रोज एक चिकटपट्टी.

अवांतर: ‘चाळीस दिवस’ म्हणून मोजायला बसाल तर राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ भरतात. सहा रविवार वजा करा. रविवार उपवासाचा दिवस नाही, म्हणून त्या दिवशी सोडलेली वस्तू खायची की नाही यावर दरवर्षी भांडणारी घरं मी पाहिली आहेत. भांडण सोडा, एवढंच म्हणेन.

चुलीपाशी

सगळ्यांचं वाचलं. शुक्रवारी ‘सगळ्यांचं एकच साधं जेवण’ हे वाक्य स्वयंपाक न करणाऱ्याने लिहिलंय का, एवढंच विचारायचं होतं.

एका घरात सासू पंचाहत्तरीची, तिला उपवास नाही आणि औषधं खाऊन घ्यायची. नवऱ्याला मधुमेह. एक मूल आठ वर्षांचं, एक वाढत्या अंगाचं, दिवसभर भूक भूक करणारं. शिवाय करणारी बाई स्वतः उपवासाला. म्हणजे घराने मिळून उपवास केला की त्या घरात त्या दिवशी चार प्रकारचं रांधलं जातं आणि रांधणारी वास घेत उभी. साधं जेवण खाणाऱ्याला साधं असतं. मांस वगळून त्याच ताटात दहा चविष्ट पदार्थ मांडणारी घरंही आहेत. नियम पाळला, मजा तीच, भांडी दुप्पट.

मी मिळून पाळण्याच्या विरोधात नाही, उलट आहे बाजूने. पण मग काम मिळून करा. उपवासकाळात एखाद्या पुरुषाने मद्य सोडलं तर त्याचं कौतुक होतं. शुक्रवारचा स्वयंपाक आणि भांडी आपल्याकडे घेतली असं सांगणारा मला अजून भेटायचाय. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव म्हणतो, तुम्ही उपवासाच्या दिवशी आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. हे वाचन राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारीच असतं. घरातल्या बायकांनी तिथे जरा खाकरावं.

उंबऱ्यावर

थोडी वेगळी बाजू. मी कॅथलिक नाही, लग्न कॅथलिक घरात झालंय. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेतलेला नाही, घ्यायचा विचारही नाही.

पेटी, साधं जेवण, पडदे बंद, या सगळ्यात मी आनंदाने असते. शनिवारचं वाचनही आवडतं. पण जपमाळ सुरू झाली की माझं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. उठून गेले तर तुटक, बसून राहिले तर नाटक. ‘अख्खं घर’ म्हणताना सगळे एकाच श्रद्धेचे आहेत हे धाग्यात गृहीत धरलंय. घराने एक नेम ठरवायचा असेल तर त्यात श्रद्धेशिवायही करता येईल असं काहीतरी हवं, आणि प्रार्थनेच्या वेळी शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाकडे उपवास मोडल्यासारखं बघू नये. एवढं मागणं जास्त आहे का?

तिरपागडा

अजिबात नाही. हाच तर माझा मुद्दा आहे. एकच नेम म्हटलं की कोणीतरी बाहेर पडतंच.

पोथीवाला

संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचं एकोणपन्नासावं प्रकरण उपवासकाळावर आहे. सहाव्या शतकातलं, आणि लिहिलंय मठासाठी, म्हणजे चोवीस तास एकत्र राहणाऱ्या माणसांसाठी. तिथे सगळ्यांना एकच नेम नाही. प्रत्येकाने आपल्या मनाने, आनंदाने काहीतरी जास्तीचं द्यावं: थोडं अन्न, पेय, झोप, बडबड, थट्टामस्करी यातलं काही कमी करावं आणि पुनरुत्थानाच्या सणाची ओढीने वाट बघावी.

पण लगेच पुढे अट आहे. काय सोडतोय ते मठाधिपतीला सांगायचं आणि त्याच्या संमतीने, त्याच्या प्रार्थनेच्या आधाराने करायचं. न सांगता केलेलं पुण्यात धरायचं नाही, घमेंडीत धरायचं.

तिरपागडा, तुमच्या ‘माझ्यात आणि देवात’ला हे चांगलंच झोंबणारं आहे. गुपचूप केलेल्या त्यागातही फुशारकी असते, फक्त प्रेक्षक एकच असतो, आपण स्वतः. आणि ओसरी, तुमच्या ‘एकच नेम’लाही इथे आधार नाही. ज्याचा त्याचा नेम वेगळा, पण एकाला तरी माहीत असलेला, हे मला जास्त पटतं. चुलीपाशी यांच्यासाठी: म्हाताऱ्यांना आणि मुलांना जेवणाच्या बाबतीत कडक नियम लावू नयेत असं सदतिसाव्या प्रकरणात आहे. मुदपाकखान्यातली पाळी मात्र सगळ्या बंधूंना आळीपाळीने करावी लागे, आजारी आणि महत्त्वाच्या कामात गुंतलेले सोडून.

तिरपागडा

मठात शिरलेला माणूस मठाधिपतीची आज्ञा पाळायचं वचन देऊन शिरतो. घरात जन्मलेल्या पोराने असं वचन दिलेलं नाही, आणि बाप म्हणजे मठाधिपती नव्हे. बाकी फुशारकीचा टोला लागला, नाकारत नाही.

अजून_अठरा_नाही

आळीपाळी आवडली. म्हणजे मी काय सोडतोय ते बाबांना सांगायचं आणि बाबा काय सोडतायत ते मला सांगायचं? माझी संमती लागणार असेल तर मी तयार आहे. बातम्यांपासून सुरुवात करू.

जुनं_खोड

बघा. आता प्रायश्चित्तही करारावर.

ओसरी

झालं तर झालं. कराराला दोघांनी बसावं लागतं, आज तेही होत नाही.

उंबऱ्यावर, जास्त नाही हो. पेटी, जेवण आणि तो तास सगळ्या घराचा. जपमाळ ज्यांना म्हणायची त्यांची, असं सरळ सांगून टाकलं की शेजारच्या खोलीतलं पुस्तक कुणाला खुपणार नाही. पोथीवाला, तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही. प्रत्येकाने स्वतःचं काही सोडावं, जरूर. पण एखादी गोष्ट अशी हवी की जी एकट्याने मोडली तर सगळ्यांची मोडते. आळसाच्या दिवशी मला तीच ओढून नेते.

चुलीपाशी

ते सगळं ठीक. शुक्रवारचा स्वयंपाक कोण करणार ते अजून कोणी लिहिलेलं नाही.

ओसरी

आळीपाळीने. पहिला शुक्रवार बाबांचा, दुसरा थोरल्या मुलाचा. भांडी खाणाऱ्यांची.

अजून_अठरा_नाही

थोरल्या मुलाला विचारलंत का?

चुलीपाशी

आम्हाला कधी विचारलं होतं?