सोसायटी ग्रुप: झी ठेवू की विकू?

मंगळवार, ९ जानेवारी २०२४

बी-३०४: ए-५०१ काका, जागे आहात का? माझे टीव्हीवाल्या झी कंपनीचे ८०० शेअर आहेत, मार्चअखेर २१० च्या आसपास घेतलेले. सोनीच्या इथल्या कंपनीशी मर्जर (विलीनीकरण) झालं की भाव उडी मारेल म्हणून. आज २५५ पर्यंत आपटला. काय करू?

बी-१०३: काही करू नको. सोनी माघार घेणार ही बातमी बिनबुडाची आहे, असं झीने शेअर बाजाराला कळवलंय.

ए-५०१: कंपनी दुसरं काय कळवणार?

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत, १० ते १ पाणी नाही. कृपया भरून ठेवा.

ए-५०१: बी-३०४, कितीला घेतलास ते विसर. आज हातात २५५ आहेत असं धर. डील झालं तर १०० शेअरला नव्या कंपनीचे ८५ मिळणार. त्या ८५ ची किंमत किती? सोनीची इथली कंपनी लिस्टेडच नाही, म्हणजे तिचे शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे सगळा अंदाजपंचे कारभार. उदार होऊन जुन्या एका शेअरमागे ३०० धरू.

बी-३०४: आणि फिसकटलं तर?

ए-५०१: तेच कुणी बघत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये, झीची मोठी भागधारक इन्व्हेस्को झीचे प्रमुख पुनीत गोएंकांना बोर्डावरून काढा म्हणतेय ही बातमी यायच्या आधी भाव १८६ च्या आसपास होता. बातमीने एका दिवसात ४० टक्के वर गेला, मग सोनी आली. त्यानंतर नफा वाढलेला नाही, चांगलाच घटलाय. म्हणून खाली १८० धरतो, तेही दयाळूपणे. वर ४५, खाली ७५. म्हणजे डील होण्याची शक्यता १२० पैकी ७५, म्हणजे ६२-६३ टक्क्यांच्या वर आहे अशी तुझी खात्री असेल तरच थांबण्यात अर्थ.

बी-१०३: काका, एनसीएलटीने (कंपनी लवादाने) ऑगस्टमध्ये मर्जरला मंजुरी दिली. गोएंकांना कंपनीतल्या पदांपासून रोखणारा सेबीचा आदेश ऑक्टोबरमध्ये सॅटने (अपील लवादाने) रद्द केला. आता राहिलंय काय?

ए-५०१: सह्या करणाऱ्यांची इच्छा. २१ डिसेंबरची मुदत टळली, आता ३० दिवस नुसत्या वाटाघाटी. अडलंय ते नव्या कंपनीचा प्रमुख कोण यावर, आणि तिथे कुठलं कोर्ट मंजुरी देणार? दोन वर्षांपूर्वी या डीलवर मीही ८० टक्के धरले असते. आज ५० च्या वर जात नाही.

बी-१०३: एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेच्या मर्जरच्या वेळीही लोक घाबरले होते.

ए-५०१: तिथे दोन्ही बाजू लिस्टेड होत्या. एचडीएफसीच्या २५ शेअरला बँकेचे ४२ हा रेशो ठरलेला. एचडीएफसी घ्यायचा, बँकेचं फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) विकायचं आणि मधला फरक खायचा. बाजार कुठेही जावो. त्याला आर्बिट्राज म्हणतात. झीमध्ये विकायला दुसरी बाजूच नाही, ही नुसती पैज आहे.

बी-३०४: मग पुट घेऊ का? भाव पडला तरी ठरलेल्या भावाला विकायचा हक्क राहील.

ए-५०१: पुट ३००० शेअरच्या लॉटमध्येच मिळतो, तुझे ८००. आणि असल्या बातमीनंतर पुटची किंमत, म्हणजे प्रीमियम, काय स्वस्त असतो?

बी-३०४: खरं सांगू का, मार्चअखेर वर्ष पुरं होतंय. लाँग टर्म होईल, टॅक्स वाचेल. म्हणून तळ्यात मळ्यात.

सी-२०२ (सीए ताई): अरे, हिशोब तर कर. नफा शेअरमागे ४५, एकूण ३६,०००. २०२३-२४ च्या दराने शॉर्ट टर्मवर टॅक्स १५ टक्के म्हणजे ५,४००, सेस वेगळा. लाँग टर्मला आताच्या नियमाने लाखापर्यंत माफ, म्हणजे फार तर हे ५,४०० वाचतील. काका म्हणतात तसा १८० ला आला तर ६०,००० जातील. शिवाय मर्जर झालं तरी जुना शेअर बंद होऊन नवा लिस्ट होईपर्यंत पैसे अडकतील ते वेगळेच.

बी-१०३: आणि उद्या हाच २९० ला गेला की इथेच रडायचं ना?

ए-५०१: जाऊही शकतो. ५० टक्के म्हणालो, शून्य नाही. सगळे विकवत नसतील तर झोप लागेल इतकेच ठेव.

सेक्रेटरी: ही चर्चा कृपया वैयक्तिक करावी. हा मेंटेनन्सचा ग्रुप आहे.

सी-२०२: सेक्रेटरी साहेब, तुमच्याकडेही झी आहे ना?

सेक्रेटरी: 🙏 चालू द्या.

बुधवार, १० जानेवारी

बी-३०४: ५०० विकले. ३०० ठेवलेत.

मंगळवार, २३ जानेवारी

बी-३०४: काल बाजार बंद आणि नेमकं कालच डील रद्द केल्याचं सोनीचं पत्र. वर झीकडेच ९ कोटी डॉलर मागतायत. शनिवारी २३१ ला बंद झाला होता, आज उघडलाच २०८ ला. सेल लावून बसलो, घ्यायलाच कुणी नाही. सर्किट, म्हणजे भाव किती पडू द्यायचा ती मर्यादा, एक एक पायरी खाली सरकतंय.

बी-१०३: माझे सगळेच आहेत. बोलू नका कुणी.

ए-५०१: मी खाली १८० धरले होते, तेपण जास्तच निघाले. १५५-१६० च्या घरात बंद झालाय.

बी-३०४: आता राहिलेले ३०० ठेवू? सोनी परत येईल म्हणतात.

ए-५०१: ती पैज वेगळी. तिच्यावर मी चहाचेही पैसे लावणार नाही.

सी-२०२: विकायचेच असतील तर वर्ष पुरं व्हायच्या आत विक. आता शॉर्ट टर्म तोटा आहे, तो त्या ५०० च्या नफ्यातून वजा होईल. वर्ष उलटलं की लाँग टर्म तोटा, तो शॉर्ट टर्म नफ्यातून वजा होत नाही.

बी-३०४: म्हणजे तेव्हा वर्ष व्हायची वाट बघत होतो, आता वर्ष व्हायच्या आत पळायचं!

सी-२०२: हो. खरेदीची काँट्रॅक्ट नोट पाठव, नक्की तारीख बघून सांगते. बी-१०३, तुमचीही पाठवा.