शब्दचर्चा : ‘मेन डीपीएस’ म्हणजे नेमकं कोण?

विचारणा

गेन्शिन इम्पॅक्ट या व्हिडिओ गेममध्ये चार पात्रांची टीम लावताना मेन डीपीएस, सब-डीपीएस, कॅरी, ड्रायव्हर हे शब्द सतत कानावर येतात. डीपीएस म्हणजे दर सेकंदाला होणारं नुकसान, एवढं ठाऊक आहे. पण शियांगलिंग या पात्राला कोणी मेन म्हणतं, कोणी सब. ती तर मैदानात दोन-तीन सेकंद दिसते आणि जाते. मग हा शब्द लावायचा कशावरून? आणि मराठीत ‘हल्लेखोर’ चालेल का?

प्रतिसाद

हल्लेखोर नको. तो शब्द गुन्ह्याच्या बातमीतला आहे आणि एखाद्या विशिष्ट हल्ल्यापुरता लागतो. टीममधलं कायमचं काम त्यातून कळत नाही.

डीपीएस हे मुळात माप आहे, माणूस नव्हे. 20 सेकंदांच्या फेरीत चौघांनी मिळून 8 लाखांचं नुकसान केलं, तर टीमचा डीपीएस 40 हजार. पुढे ते माप ज्याच्या जोरावर वाढतं त्यालाच डीपीएस म्हणू लागले, आणि घोळ तिथे सुरू झाला, कारण ‘मेन’मध्ये दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. मैदानात सर्वांत जास्त वेळ कोण उभं असतं? आणि नुकसानाचा मोठा वाटा कोणाच्या नावावर पडतो?

हू ताओच्या टीममध्ये दोन्हींचं उत्तर एकच, म्हणून तिथे शब्द खटकत नाही. सुक्रोज, शियांगलिंग, शिंगच्यू आणि बेनेट ही टीम घ्या. मैदानात सुक्रोज असते. तिच्या साध्या हल्ल्यांबरोबर शिंगच्यूच्या पाण्याच्या तलवारी पडतात आणि शियांगलिंगचं अग्निचक्र भोवती फिरत राहतं. वेळ सुक्रोजचा, घाव शियांगलिंगचा. सुक्रोजला ‘ड्रायव्हर’ म्हणतात ते याचसाठी : तिच्या हल्ल्यांवर दुसऱ्याचे हल्ले चालतात.

माझं मत विचाराल तर मराठीत ‘मैदान कोण धरतो’ आणि ‘घाव कोणाचा’ असे दोन प्रश्न सरळ विचारावेत. ‘एक घाव दोन तुकडे’मधला घाव इथे चपखल बसतो. मेन डीपीएस हा शब्द बोलण्यात राहू दे, पण टीम लावताना ही दोन उत्तरं वेगळी लिहून काढावीत.

प्रतिसाद

सहमत. ‘कॅरी’चंही इथेच सांगून टाकतो. एकाच्या खांद्यावर सगळा भार आणि बाकी तिघं त्याचं बळ वाढवायला, अशी रचना असेल तर हायपरकॅरी. बाकीचेही स्वतः घाव घालत असतील तर नुसता कॅरी.

आता हू ताओ. तिच्याभोवती टीम लावताना लोक बळ वाढवणारा दिसला की उचलतात, आणि सर्वांत आधी बेनेट आणतात. बेनेट उत्तम आहे, पण तिच्यासोबत दोन अडचणी येतात. हू ताओची जीवनरेषा 50 टक्के किंवा त्याखाली असेल तर तिला 33 टक्के जादा पायरो (अग्नीचं) नुकसान मिळतं. बेनेटच्या बर्स्टचं (ऊर्जा भरल्यावर सुटणाऱ्या मोठ्या हल्ल्याचं) वर्तुळ पात्राला 70 टक्क्यांपर्यंत बरं करतं, म्हणजे ते 33 टक्के हातचे जातात. शिवाय तिची स्किल (खास कौशल्य) कमाल एचपीवरून (जीवाच्या आकड्यावरून) तिचा हल्ला आधीच खूप वाढवते. वरून आणखी अटॅक (हल्ल्याचा आकडा) ओतला तर तो मूळच्या मोठ्या आकड्यात मिसळतो आणि प्रमाणात फायदा कमी पडतो.

त्याऐवजी शिंगच्यू आणि येलान घ्या. दोघंही हायड्रो (पाण्याचे), त्यामुळे हायड्रो रेझोनन्स (एकाच तत्त्वाची दोन पात्रं असल्याचा लाभ) लागून टीमची कमाल एचपी 25 टक्क्यांनी वाढते. इतर अटॅकवाल्यांना याचा उपयोग नाही, हू ताओचा मात्र हल्लाच एचपीवर उभा आहे. शिवाय दोघांचेही बर्स्ट मैदानात उभ्या असलेल्याच्या साध्या हल्ल्यांवर चालतात, आणि हू ताओ साधा हल्ला-चार्ज (जोरदार हल्ला), साधा हल्ला-चार्ज असंच खेळते. शत्रूला हायड्रो लागलेला असताना तिचा पायरो पडला की व्हेपोराइझ (पाणी-अग्नीची अभिक्रिया) होऊन घाव दीडपट. पायरो लागलेल्यावर हायड्रो पडला तर दुप्पट होतो हे खरं, पण तेव्हा घाव हायड्रोवाल्याचा मोजला जातो, आणि इलेमेंटल मास्टरीही (अभिक्रियांचं बळ वाढवणारा आकडा) त्याचीच धरली जाते.

चौथा जोंगली. त्याची ढाल 20 सेकंद टिकते, म्हणून अर्ध्या जीवावर खेळणारी हू ताओ मरत नाही. ढालीजवळच्या शत्रूचा प्रतिकार 20 टक्क्यांनी उतरतो. 10 टक्के प्रतिकाराच्या शत्रूवर तो उणे 10 होतो. शून्याखालचा भाग निम्माच धरतात, म्हणून नुकसानाचा गुणक 0.90 वरून 1.05. घाव साधारण 17 टक्क्यांनी वाढला.

बिघडतं कुठे, तर स्टॅमिनात (दमात). स्किल 9 सेकंद चालते. भाल्याचा एक चार्ज हल्ला 25 स्टॅमिना खातो आणि एकूण स्टॅमिना 240. आठ चार्ज म्हणजे 200. चार्जनंतरचा थांबा तोडायला दर वेळी डॅश (झटकन धाव) मारला तर स्टॅमिना मध्येच संपतो, म्हणून उडी मारून तोडायचं. पहिलं कॉन्स्टेलेशन (पात्राची जादा प्रत मिळाल्यावर उघडणारी बढती) असेल तर स्किल चालू असताना चार्जला स्टॅमिना लागत नाही, मग डॅश चालतो. मोबाईलवर चार्जसाठी हल्ल्याचं बटण दाबून धरावं लागतं. ते लवकर सुटलं की नुसता साधा हल्ला पडतो.

विचारणा

शियांगलिंगबद्दल ‘आधी बेनेट, मग ती’ असं सगळे सांगतात. इथे ‘स्नॅपशॉट’ हा शब्द येतो. त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद

‘गोठणं’. अग्निचक्र सोडलं त्या क्षणी शियांगलिंगवर जे बळ असेल ते त्या चक्रात गोठतं आणि शेवटपर्यंत टिकतं. बेनेटचं वर्तुळ 12 सेकंद असतं. त्यात उभं राहून सोडलेलं चक्र 10 सेकंद, चौथ्या कॉन्स्टेलेशनला 14 सेकंद, तेवढाच अटॅक घेऊन फिरतं, मग तुम्ही वर्तुळाबाहेर धावलात तरी. उलट आधी चक्र आणि मग बेनेट केलं तर चक्राला काहीच मिळत नाही. बर्स्टच्या आकड्याकडे बघून लोक आर्टिफॅक्टला (पात्राला घालायच्या वस्तूंना) दोष देतात, चूक क्रमात असते.

शत्रूवर केलेला परिणाम मात्र गोठत नाही. व्हिरिडेसेंट व्हेनरर या आर्टिफॅक्ट संचाचे चार भाग घातलेल्या सुक्रोजने पायरो स्वर्ल केला (वाऱ्याने पसरवला), की शत्रूचा पायरो प्रतिकार 10 सेकंद 40 टक्क्यांनी उतरतो. हे दर घावाला ताजं मोजतात. 10 टक्क्यांचा शत्रू उणे 30 वर येतो, गुणक 0.90 वरून 1.15, वाढ सुमारे 28 टक्के. म्हणून ते चक्र फिरत असतानाच व्हायला हवं, आधी होऊन विरलं तर वाया.

बेनेटचा अटॅक त्याच्या बेस अटॅकवरून निघतो. आर्टिफॅक्टवरचा अटॅक त्यात धरत नाहीत. त्याची पातळी, शस्त्राचा बेस अटॅक आणि बर्स्टचं टॅलेंट (त्या हल्ल्याची पातळी) वाढवा. आर्टिफॅक्टवर ऊर्जा आणि एचपी बघा. नोब्लेसचा संच त्याच्याच अंगावर ठेवा, म्हणजे सगळ्यांना 12 सेकंद 20 टक्के अटॅक मिळतो. दोघांनी नोब्लेस घातला तर तो दोनदा लागत नाही.

आणि ऊर्जा! ही टीम फसते ती बहुतेक इथेच. शियांगलिंगचा बर्स्ट 80 ऊर्जेचा. स्किल मारली की ऊर्जेचे कण निघतात. स्वतःच्या मूलतत्त्वाचा कण मैदानात असताना घेतला तर 3 ऊर्जा, चौघांच्या टीममध्ये बाहेर बसून घेतला तर 1.8. परक्या तत्त्वाचा कण मैदानात 1, बाहेर 0.6. आता हिशोब : गुओबाचे (तिच्या स्किलने येणाऱ्या सोबत्याचे) 4 कण तिने स्वतः घेतले तर 12. बेनेटची स्किल दोनदा मारून निघालेले साधारण 4 कण तिच्या हाती दिले तर आणखी 12. शिंगच्यूचे 5 कण बाहेर बसून 3. एकूण 27. एनर्जी रिचार्ज (मिळणारी ऊर्जा वाढवणारा आकडा) 200 टक्के असेल तर 54. उरलेले 26 शत्रूच्या कणांतून, कण देणाऱ्या फेवोनियसच्या शस्त्रातून किंवा टीमची ऊर्जा भरून देणाऱ्या रायडेनकडून यायला हवेत. बेनेटची स्किल मारून लगेच शियांगलिंगवर आला नाहीत तर तेच कण 3 ऐवजी 1.8 देतात. दुसऱ्याला ऊर्जा पुरवणाऱ्याला ‘बॅटरी’ म्हणतात, तो शब्द मराठीत जसाच्या तसा राहू द्यावा, सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद

रोटेशनला (चौघांनी ठरलेल्या क्रमाने हल्ले करण्याच्या फेरीला) मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे : आवर्तन. तालाचं आवर्तन समेवर परत येतं, तसं इथे सगळ्यांचे बर्स्ट परत एकत्र तयार व्हायला हवेत. शिंगच्यूचा बर्स्ट 15 सेकंद चालतो आणि 20 सेकंदांनी परत मिळतो, शियांगलिंगचाही 20 सेकंदांनी. म्हणून नॅशनल टीमचं (शियांगलिंग, शिंगच्यू, बेनेट आणि चौथं सुक्रोज किंवा रायडेनसारखं पात्र) आवर्तन 20 सेकंदांचं बसवतात. रायडेनसोबत क्रम असा : रायडेनची स्किल, शिंगच्यूचा बर्स्ट आणि स्किल, बेनेटचा बर्स्ट आणि स्किल, शियांगलिंगचा बर्स्ट आणि गुओबा, मग रायडेनचा बर्स्ट आणि तिचे हल्ले. पात्र बदलल्यावर सुमारे एक सेकंद पुन्हा बदलता येत नाही, ते धरूनच हात बसवा.

‘फेरी’ही चालते, पण स्पायरल ॲबिस या आव्हानातल्या लढायांनाही लोक फेरी म्हणतात, म्हणून गोंधळ होतो.

प्रतिसाद

मेन डीपीएस या शब्दाची खरी परीक्षा हायपरब्लूम या अभिक्रियेत होते. हायड्रो आणि डेंड्रोतून (वनस्पतीच्या तत्त्वातून) बीज तयार होतं, त्यावर इलेक्ट्रो (वीज) पडला की ते शत्रूवर झेपावतं. हा घाव इलेक्ट्रो लावणाऱ्याच्या नावावर जातो, आणि त्यात फक्त त्याची पातळी आणि इलेमेंटल मास्टरी मोजतात. अटॅक नाही, क्रिट (अधूनमधून लागणारा वाढीव घाव) नाही. कुकी शिनोबूला वाळूघड्याळ, पेला, मुकुट हे तिन्ही आर्टिफॅक्ट मास्टरीचे द्या आणि पातळी 90 करा. तिची स्किल 12 सेकंद, दर दीड सेकंदाला इलेक्ट्रो लावते आणि उपचारही करते. सवयीने तिला ‘हीलर’ म्हणून 70 वर सोडून देतात आणि मैदानातल्या पात्राला क्रिटचे आर्टिफॅक्ट देत बसतात. म्हणून टीमचा आकडा वाढत नाही.

विचारणा

मग ‘सब-डीपीएस’ला ‘उपप्रहारक’ म्हणू नये?

प्रतिसाद

‘उप’ लावला की तो दुय्यम वाटतो आणि त्याची पातळी, शस्त्र, टॅलेंट मागे ठेवलं जातं. येलान, शिंगच्यू, शियांगलिंग ही बाहेरून घाव घालणारी पात्रं आहेत. ‘बाहेरचा घाव’ म्हणा, अर्थ नेमका राहतो. साधनं वाटताना आधी घाव कोणाचा ते ठरवा, त्याला क्रिट आणि टॅलेंट द्या. व्हेपोराइझसारख्या टीममध्ये क्रिट रेट (तो लागण्याची शक्यता) आणि क्रिट डॅमेज (त्याची वाढ) साधारण एकास दोन ठेवा. बाहेर बसणाऱ्यांची ऊर्जा आधी पुरी करा, क्रिट नंतर : बर्स्ट वेळेवर न भरलेला शिंगच्यू कितीही क्रिटचा असला तरी हू ताओला हायड्रो मिळत नाही आणि तिचा दीडपट घाव एकपटच राहतो.