सोसायटीत आयर्लंडवरचा माहितीपट: कसा दाखवावा?

नौपाडेकर:
आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी हॉलमध्ये काहीतरी दाखवतो. पडदा म्हणजे आईची पांढरी चादर. यावेळी आयर्लंडच्या स्वातंत्र्यावरचा माहितीपट घ्यायचं माझ्या डोक्यात आहे, पण सेक्रेटरी म्हणतात, "आपला काय संबंध?" शिवाय निवेदन आयरिशमध्ये, खाली इंग्रजी अक्षरं. ज्येष्ठ मंडळींना झेपेल?

ऐरोलीची माई:
संबंध टिळकांपासून सांगा हो. डब्लिनचा इंग्रजांविरुद्धचा ईस्टर उठाव एप्रिल १९१६चा, आणि बेळगावात टिळकांची होमरूल लीग निघाली तीही त्याच महिन्यात. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडकडून घेतलेला. पुढे १९२० साली जालंधरला कॉनॉट रेंजर्स पलटणीतल्या आयरिश शिपायांनी आयर्लंडमधल्या इंग्रजी अत्याचारांच्या निषेधार्थ हुकूम मानायला नकार दिला. हे बंड हिमाचलातल्या सोलनलाही पसरलं. तिथला म्होरक्या जेम्स डॅली, जेमतेम विशीचा. त्याला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या.

वाशीकर:
अक्षरं कुणी वाचत नाही. दर वीस मिनिटांनी थांबवून मराठीत सांगा. चहा आधीच द्या, मध्ये दिलात की निम्मे लोक घरी. आणि हक्कदारांची लेखी परवानगी घ्या, यूट्यूबवर सापडला म्हणून हॉलमध्ये लावायची मुभा मिळत नाही.

नौपाडेकर:
माई, डॅलीचं सांगितलं. सेक्रेटरी गप्प झाले, मग म्हणाले, "दगशाई म्हणजे कसौलीजवळचं ना? आम्ही गेलोय तिकडे." हॉल मिळाला! विजेचे पैसे मात्र माझ्याकडून घेणार आहेत.