एक वाटी चवळी, एक जुडी चवळी

ठाण्याहून (मूळ प्रश्न):
मावशीची पाककृतींची जुनी वही हाती लागली आहे. त्यात एका पानावर असं आहे: "एक वाटी चवळी रात्री भिजत घालावी. सकाळी एक जुडी चवळी निवडून, धुऊन बारीक चिरावी." आधी वाटलं, मावशी लिहिता लिहिता चुकली. वाटीतली चवळी कळली, पोटाला काळा ठिपका असलेलं पांढरं कडधान्य. पण जुडीतली? भाजीवाल्याकडे चवळी मागितली तर तोच विचारतो, "शेंगा की पाला?" पाला म्हटल्यावर त्यानं जे हातात ठेवलं ते मला तांदुळजासारखं दिसलं. शब्द एक आणि जिन्नस तीन, हा काय प्रकार आहे?

पुण्याहून:
ताई, भाजीवाला बरोबर आहे आणि मावशीही. जुडीतली ती चवळई. बोलताना तिच्यातला 'अ' गिळला जातो आणि तीही चवळी होते. हिंदीत चौलाई म्हणतात ती हीच. माठ, तांदुळजा, राजगिरा यांच्या घरातली. तिचा कडधान्याच्या चवळीशी काडीचा संबंध नाही. खूण सोपी आहे: कडधान्याच्या वेलाला एका देठावर तीन-तीन पानं असतात, चवळईचं पान सुटं, एकेकटं येतं. काही मंडयांत तांदुळजा आणि चवळई वेगळ्या जुड्यांत असतात, काही ठिकाणी दोन्ही नावं एकाच जुडीला. तांदुळजाचं मूळ मात्र स्वच्छ आहे, संस्कृत तण्डुलीय.
शेंगा त्या कडधान्याच्याच. कोवळ्या असताना तोडल्या की भाजी, वेलावर वाळू दिल्या की उसळ.

नागपूरहून:
आमच्याकडे हा घोळच नाही. कडधान्य आणि शेंगा दोन्हींना बरबटी म्हणतो. पुण्यात नवीन असताना दुकानात बरबटी मागितली तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कपड्यांना काही बरबटल्याची तक्रार घेऊन आलोय. बरबटीचे वडे खाल्लेत का कोणी? रात्रभर भिजवून, चोळून सालं काढायची, पाणी जवळजवळ न घालता जाडसर वाटायचं, आलं, लसूण, मिरची, जिरं आणि तळायचं. पोळ्याला आमच्या घरी हे लागतातच.

लागोसहून:
नागपूरकर दादा, हे वाचून खुर्चीतून उठलो! इथे नायजेरियात सकाळी रस्त्यावर विकतात तो अकारा हाच की. काळ्या डोळ्याची चवळी भिजवायची, सालं काढायची, कांदा-मिरची घालून वाटायची आणि तेलात सोडायची. तोच प्रकार गुलामांबरोबर समुद्रापार ब्राझीलला गेला, तिथे त्याला अकाराजे म्हणतात आणि पामतेलात तळतात. चवळी मुळात आफ्रिकेचीच, तेव्हा वड्यावर पहिला हक्क कोणाचा हे मी सांगत नाही. इथे मात्र तिला नुसतं 'बीन्स' म्हणतात. घरच्या मदतनीस बाईंना मी 'चवळी' शिकवलंय, त्या 'चावाली' म्हणतात.

मडगावहून:
गोंयात आमी अळसाने म्हणतात. एक अळसांदो, जायते (म्हणजे पुष्कळ) अळसांदे. मराठीत लिहिते. हे नाव आम्ही दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी वाटून घेतलं आहे: कानडीत अलसंदे, तेलुगूत अलसंदलु. आमचा गावठी दाणा बाजारच्या चवळीपेक्षा मोठा असतो. भात कापून झालं की शेतात उरलेल्या ओलीवर लावतात. त्याचं तोणाक करायचं. ओलं खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, मिरी, लवंग कढईत खमंग भाजायचं आणि वाटायचं. कृपा करून त्याला 'उसळ' म्हणू नका. उसळीत दाणा मोकळा, तोणाकात तो वाटपात बुडालेला, आणि सोबतीला पोळी नव्हे, पाव.

पुण्याहून:
उसळीची व्याख्या एवढी कडक नको. आमच्याकडे रसाची उसळही असते, गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा आणि वरून खोबरं. आमसूल मात्र दाणा शिजल्यावरच टाका. आंबट आधी पडलं की चवळी हट्टाला पेटते, शिजत नाही. आणि कुकरला जास्त शिट्ट्या दिल्या तर गिचका होतो, हे मी अजूनही महिन्यातून एकदा विसरते.

नाशिकहून:
संस्कृतचा विषय निघाला म्हणून. आयुर्वेदाच्या निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, 'राजमाष' येतो तो चवळी म्हणून ओळखतात. माष म्हणजे उडीद. गंमत अशी की वनस्पतिशास्त्रातही चवळी, उडीद, मूग आणि मटकी एकाच प्रजातीत, विग्नात बसतात, म्हणजे 'राजेशाही उडीद' हे नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. पुढे अमेरिकेतून तो मोठा तांबडा दाणा आला आणि राजमा हे नाव त्याला मिळालं. राजपद गेलं, चवळी मागे राहिली.

पुण्याहून:
वा! म्हणजे उत्तरेतल्या राजमा-चावलच्या थाळीत नाव आमच्या चवळीचं, दाणा परदेशी.

कोल्हापूरहून:
शब्दाची दुसरी बाजू राहिलीच. आमची आजी सडपातळ, उंच मुलीला 'चवळीची शेंग' म्हणायची आणि ते कौतुक असायचं. फारच काटकुळी असेल तर शेंग बदलायची, 'शेवग्याची शेंग गं नुसती!' म्हणजे शेंगेवरून जाड-बारीकच नाही, सूरही कळायचा. माझ्या पुतणीला मी परवा चवळीची शेंग म्हटलं तर तिनं विचारलं, "आत्या, ती कोणती?" ती चवळी पाकिटातून आलेली ओळखते, वेलाला लोंबताना तिनं पाहिलेलीच नाही. मी मंडईतून पाव किलो आणून तिच्या पुढ्यात टाकल्या आणि हातानं मोडायला लावल्या. मोडताना कट्कन आवाज आला तर कोवळी, वाकली तर जून.

ठाण्याहून:
सगळ्यांचे आभार. काल केली: कडधान्य उकडून घेतलं, लसणाच्या फोडणीत चिरलेली चवळई परतली, त्यात उकडलेले दाणे, वरून खोबरं. दोन्ही चवळ्या एका कढईत सुखात राहिल्या. संध्याकाळी मावशीला फोन करून एवढंच म्हटलं की वहीत एकीला चवळई असं लिहायला हवं होतंस.
मावशी म्हणाली, "अगं, वाटीनं मोजली ती वेगळी आणि जुडीनं मोजली ती वेगळी. लिहिलंय की सगळं."