आजारपण आणि प्रार्थना: तुमचे अनुभव लिहा

नगरची_लेक: गल्लीच्या तोंडाशी चंगाई सभेचा (प्रार्थनेने आजार बरे करायची सभा) फ्लेक्स लागलाय. आंधळे पाहतील, लंगडे चालतील, खाली पार्किंगची सोय. तो बघून पप्पांचं दुखणं आठवलं. टायफॉइड उलटलेला, ताप हटेना. पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलजनांना घेऊन घरी आले, बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय वाचला, कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमेन झाल्या झाल्या साहेबांनी आईला विचारलं, "संध्याकाळची गोळी दिली का?" पप्पा बरे झाले. देवाने केलं की गोळीने, हा वाद आमच्या घरात कधी निघालाच नाही. आजीला तर तो प्रश्नच कळला नसता. तुमच्याकडे काय झालं? उपास-प्रार्थना, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नवस, काहीही चालेल. बरं न झालेलंही लिहा.

वसईकर: आमच्याकडे फादर तेल घेऊन आले की म्हातारी माणसं घाबरतात. पूर्वी ते अगदी शेवटच्या घटकेला लावायचे ना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) ते सगळ्याच गंभीर आजाऱ्यांसाठी झालं, पण आजोबांना कोण सांगणार? फादर दारात दिसल्याबरोबर उठून बसले आणि चहा मागितला. चमत्कार म्हणायचा तर हाच 😄

खोबरेल: @नगरची_लेक तेल कुठलं होतं?

नगरची_लेक: ऑलिव्हचं. तेव्हा औषधाच्या दुकानात चिमुकली बाटली मिळायची. तुमचं नाव बघून कळलंच तुम्ही काय विचारणार ते

बांद्रा_लोकल: सासूबाईंच्या गुडघ्यासाठी वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला नवसाचा मेणाचा पाय वाहिलाय. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते, आठवडाभर असते. मेणाचे हात, पाय, बाळ, घर, मोटार, सगळं मिळतं. विकणारी म्हणाली, डावा की उजवा? सासूबाई म्हणाल्या दोन्ही घे, वर गोंधळ नको. गुडघ्याचं ऑपरेशन नंतर केलंच. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते

शांता_आत्या: माझा मुलगा आजारी होता. मंडळीने रात्रभर साखळी प्रार्थना केली. गेला. मग एक बाई म्हणाल्या, विश्वास कमी पडला तुमचा. त्या चर्चची पायरी परत चढले नाही. दुसरीकडे जाते. प्रार्थना सुटली नाही, पण आता काही मागत नाही, नुसती बसते.

मिरजवाली: आत्या 🙏 बायबलमधल्या पौलाने अंगातला काटा (त्याचं दुखणं) काढ म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, तरी तो निघाला नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात स्वतःच लिहिलंय त्याने. त्याचाही विश्वास कमी पडला म्हणायची त्या बाईंची छाती आहे का? आणि आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, नुसती प्रार्थना कर म्हणत नाही.

शांता_आत्या: हे आधी कुणी सांगितलं नव्हतं गं बाळा.

वसईकर: द्राक्षारसाचा सल्ला मात्र आमच्या गावात फार मनापासून पाळतात

मिरजवाली: 😂 आमची आजी मिरजेला वॉनलेस साहेबांच्या मिशन दवाखान्यात नर्स होती (1894 चा तो). ऑपरेशनआधी प्रार्थना व्हायची. पण हात धुतल्याशिवाय कुणी टेबलापाशी आलं तर आजी पाळकालाही बाहेर काढायची म्हणे.

जालन्याचा: मामाने अशाच चंगाई सभेत शुगरच्या गोळ्या फेकून दिल्या, स्टेजवर जाऊन बरा झालो अशी साक्षही दिली. टाळ्या, हालेलुया. पुढे पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हा स्टेजवरचं कुणी फिरकलं नाही, डबा आमच्या मंडळीनेच पोचवला. जास्त लिहीत नाही, बीपी वाढतो.

खोबरेल: बीपीची गोळी घ्या हो आधी

दोन_पोरांची_आई: विषय सोडून विचारते. सप्टेंबरात आईला हरेगावच्या मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेला न्यायचंय. चालावं किती लागतं? तिलाही गुडघेच.

नगरची_लेक: यात्रेच्या दिवशी गाड्या लांब थांबवतात, आदल्या दिवशी जा. ट्रेनने आलात तर हरेगावसाठी श्रीरामपूरला उतरायचं, पण तिथल्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे, तेच तिकीट काढा. नवी मुंबईच्या बेलापूरला उतरू नका, आमचे साडू उतरले होते.